बिल विदर्सवर नव्वद मिनिटांचं श्रवणसत्र, मध्ये चार गाणी प्रत्यक्ष: क्रम, पट्ट्या आणि अडचणी

कोथरूडचा_कान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या श्रवण मंडळात बिल विदर्स या सोल गायक-गीतकारावर सत्र ठरलं आहे. जागा कोथरूडातल्या सोसायटीचा छोटा हॉल, श्रोते चाळीसच्या आसपास, प्रवेश विनामूल्य. बहुतेक श्रोते पन्नाशीच्या पुढचे. शास्त्रीय आणि भावगीतं ऐकून कान तयार झालेले, पण सोल हा प्रकार जवळजवळ सगळ्यांना नवा.

निम्मा वेळ ध्वनिमुद्रणं आणि निवेदन, मध्ये तीन-चार गाणी प्रत्यक्ष, अशी आखणी आहे. हाताशी एक अकूस्टिक गिटार, पाच सप्तकांचा कीबोर्ड, काहोन (वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका), एक गायक आणि एक गायिका. बेस गिटार नाही.

विचारायचं ते असं. आयुष्याची आणि कारकिर्दीची मांडणी कुठून सुरू करावी? कोणती गाणी प्रत्यक्ष घ्यावीत, कोणती फक्त ऐकवावीत? गायक-वादक कुठे अडकतात? आणि पहिल्या अल्बमची जुनी लाँगप्ले मिळाली आहे, ती हॉलमध्ये वाजवणं जमेल का, की मोबाइलवरूनच लावावं?

---

जुनी_तबकडी

फार चांगला विषय निवडला आहे. मांडणीबद्दल लिहितो.

जन्मापासून सुरुवात करू नका. हा माणूस ३२ वर्षांचा होईपर्यंत त्याची एकही लाँगप्ले आलेली नव्हती. सालवार गेलात तर पहिली पंधरा मिनिटं गाण्याविना जातील. त्यापेक्षा १९७१च्या 'जस्ट अॅज आय अॅम' या पहिल्या अल्बमचं मुखपृष्ठ पडद्यावर लावा आणि एक मिनिट कोणीही बोलू नका. विटांची भिंत, अंगात रोजचे कपडे, हातात जेवणाचा डबा. हा फोटो स्टुडिओतला नाही. लॉस एंजेलिसजवळ बर्बँकला वेबर एअरक्राफ्ट नावाचा कारखाना होता. तिथे विदर्स विमानांची स्वच्छतागृहं जोडायचा, आणि फोटो त्या कारखान्यातच काढलेला आहे. अल्बम येत होता तरी नोकरी सोडलेली नव्हती. गाण्याचा धंदा बेभरवशाचा आहे हे तो आधीपासून धरून चालला होता. पुढे पहिलं गाणं गाजल्यावर रेकॉर्ड कंपनीने त्याला सोनेरी कमोडचं झाकण भेट दिलं, ते या कामाची आठवण म्हणून.

डब्यावरून मागे जा. जन्म ४ जुलै १९३८, वेस्ट व्हर्जिनियातलं स्लॅब फोर्क हे कोळसा खाणीचं छोटं गाव. सहा भावंडांत धाकटा. बालपण जवळच्या बेकली गावात. तेरा वर्षांचा असताना वडील गेले. आजीचा, लूलाचा, त्याच्यावर मोठा प्रभाव. लहानपणापासून बोलताना अडखळायचा. हे जरूर सांगा, कारण त्याच्या गाण्यातली छोटी छोटी, मोजक्या शब्दांची वाक्यं ऐकताना ते कानात राहतं. मग नौदलात नऊ वर्षं. १९६७ साली लॉस एंजेलिस. दिवसा कारखाना, आणि साठवलेल्या पैशांतून नमुन्याची ध्वनिमुद्रणं.

सोल म्हणजे काय, हे चार वाक्यांत आटपा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गॉस्पेल गाणं, त्यातली हाक आणि प्रतिसाद, टाळ्या, हुंकार, हे सगळं संसारातल्या विषयांवर आलं की सोल. विदर्सचं वेगळेपण असं, की सोलच्या मोठ्या वाद्यवृंदाऐवजी तो मांडीवर गिटार घेऊन बसतो. आवाज मधल्या पट्टीतला, ओढाताण नाही.

पहिला अल्बम ससेक्स या छोट्या कंपनीसाठी क्लॅरन्स अॅव्हंटने काढला. निर्माता बुकर टी. जोन्स. ड्रम्सवर अल जॅक्सन ज्युनियर, बेसवर डोनाल्ड 'डक' डन, गिटारवर स्टीव्हन स्टिल्स. पैसे कमी पडल्यामुळे अल्बम तीन बैठकींत झाला आणि दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत सहा महिन्यांचं अंतर पडलं. नवख्या, तिशी ओलांडलेल्या कामगाराभोवती इतके कसलेले वादक बसले होते, तरी ऐकताना कोणीही पुढे पुढे करत नाही.

'एन्ट नो सनशाइन' इथे ऐकवा. अवघं दोन मिनिटं आणि काही सेकंद. मधल्या भागात तो 'आय नो' हे दोनच शब्द २६ वेळा म्हणतो. तिथे खरं तर कडवं लिहायचं राहिलं होतं, ते नंतर भरायचं असं त्याच्या मनात होतं. सोबतच्या अनुभवी वादकांनी सांगितलं की आहे तसंच ठेव, आणि त्याने ठेवलं. हे गाणं आधी तबकडीच्या मागच्या बाजूला होतं, पुढच्या बाजूला 'हार्लेम' होतं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटवली. गाणं अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या लोकप्रियतेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि त्याला पहिला ग्रॅमी मिळाला.

१९७२ला 'स्टिल बिल'. वॉट्स १०३र्ड स्ट्रीट रिदम बँडमधले वादक सोबत: ड्रम्सवर जेम्स गॅडसन, बेसवर मेल्विन डनलॅप, कीबोर्डवर रे जॅक्सन, गिटारवर बेनॉर्स ब्लॅकमन. याच अल्बममधलं 'लीन ऑन मी' जुलै १९७२मध्ये तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, आणि 'यूज मी' दुसऱ्यापर्यंत गेलं. ६ ऑक्टोबर १९७२ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मैफल झाली, तिचा दुहेरी अल्बम १९७३ला आला. माझ्या मते विदर्सचं सर्वांत चांगलं काम तेच. सत्राचा मध्य त्यावर ठेवा.

पुढचं भराभर घ्या. १९७४चा '+जस्टमेंट्स', मग १९७५ला ससेक्स कंपनी कराच्या थकबाकीत बंद. विदर्स कोलंबियाकडे गेला. तिथे गाणी कशी असावीत हे सांगणारे लोक वाढले आणि त्याचं त्यांच्याशी पटेना. स्वतःची गाणी लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्याची गाजलेली गाणी गा असं सुचवलं गेलं, याचा त्याला राग होता आणि मुलाखतींत तो त्याने लपवला नाही. १९७७च्या 'मेनॅजरी'मध्ये 'लव्हली डे' आहे. १९७८ला 'बाउट लव्ह', आणि मग थेट १९८५ला 'वॉचिंग यू वॉचिंग मी'. सात वर्षांचा खंड. या खंडातलं त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं, 'जस्ट द टू ऑफ अस', दुसऱ्याच्या अल्बमवर आहे: सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरचा 'वाइनलाइट'. १९८१ला ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं आणि दुसरा ग्रॅमी मिळाला.

१९८५नंतर नवा अल्बम नाही. एकूण आठ स्टुडिओ अल्बम आणि एक मैफलीचा, बस. वय ४७. आवाज गेला नव्हता, मागणी संपली नव्हती. १९८७ला क्लब नूव्हो या गटाने 'लीन ऑन मी' पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेलं आणि गीतकार म्हणून तिसरा ग्रॅमी त्याला घरबसल्या आला. २०१५ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्टीव्ही वंडरने त्याचा परिचय करून दिला. ३० मार्च २०२०ला लॉस एंजेलिसमध्ये हृदयविकाराने निधन, वय ८१.

---

पांढरी_सहा

वरचा प्रतिसाद उत्तम. मी वाजवण्याबद्दल सांगते.

प्रत्यक्ष घ्यायची गाणी: 'ग्रँडमाज हँड्स', 'एन्ट नो सनशाइन', 'लीन ऑन मी', आणि तालीम नीट झाली तरच 'यूज मी'. 'जस्ट द टू ऑफ अस' प्रत्यक्ष घेऊ नका. त्याची गंमत रिचर्ड टीचा इलेक्ट्रिक पियानो, मार्कस मिलरचा बेस आणि स्टीव्ह गॅडचे ड्रम्स यांच्या जाळ्यात आहे. बेसशिवाय ते हॉटेलातल्या पार्श्वसंगीतासारखं ऐकू येतं.

एन्ट नो सनशाइन. मूळ ए मायनर, म्हणजे पांढरी सहाला सा. कॉर्ड: ए मायनर, मग ओळीच्या शेवटी ई मायनर सात, जी, परत ए मायनर. मधल्या ओळीला ई मायनर सात आणि डी मायनर सात. एवढंच. चाल बहुतांशी सा ग॒ म प नि॒ या पाच सुरांत फिरते, म्हणून शास्त्रीय ऐकणाऱ्यांना धानी आठवेल. निवेदनात तेवढं म्हटलं तर चालेल, पण गायकाने धानी गायला सुरुवात केली की गाणं हातचं गेलं. मींड आणि हरकती काढून टाका.

गायिका गाणार असेल तर डी मायनर, पांढरी दोन. गिटारवाल्याने पाचव्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून तेच ए मायनरचे आकार धरावेत. किंवा कॅपोशिवाय डी मायनर, ए मायनर सात, सी, आणि मधल्या ओळीला जी मायनर सात.

इथे हमखास काय चुकतं? एक, सुरुवात. या गाण्याला आधीचं वादन नाही, आवाज थेट येतो, आणि तोही समेच्या आधी. गायकाला सूर मिळालेला नसेल तर पहिलाच शब्द बेसूर पडतो. गिटारवाल्याने निवेदन चालू असतानाच ए मायनर एकदा हलकेच छेडून ठेवावा. दोन, २६ वेळा येणारे ते शब्द. तिथे वाद्यं मागे सरतात, ताल आणि गळा उरतो. शब्दांचे जोर मात्रांवर नेमके बसत नाहीत, पुढेमागे सरकत जातात. काहोनवाला गायकाच्या जोराकडे पाहून वाजवायला लागला की लय घसरते. त्याने गायकाकडे कान बंद करून सरळ चार मात्रा चालवाव्यात. गायकाने बोटांवर मोजू नये, मोजलं की आवाज कोरडा होतो. आधी पोटभर श्वास, मध्ये एकच चोरटा श्वास, आणि शेवटाची खूण काहोनवाल्याशी नजरेने ठरवलेली असावी. श्रोत्यांपैकी कोणी मोजणार नाही. २४ झाले काय आणि २८ झाले काय, पण शेवट सगळ्यांचा एकत्र व्हायला हवा.

तीन, लय. मूळ लय मिनिटाला ७८ मात्रांच्या आसपास. हौशी वादक ९०वर नेतात, कारण संथ लयीत दोन सुरांमधली मोकळी जागा घाबरवते. ती जागाच हे गाणं आहे. मोबाइलवर मेट्रोनोम लावून आठवडाभर ७८ला तालीम करा.

लीन ऑन मी. हे तुमच्या श्रोत्यांना सर्वांत आधी कळेल. मूळ पट्टी सी, म्हणजे पांढरी एक. पहिली ओळ पाहा: सा सा रे ग म, मग म ग रे सा, मग सा रे ग ग रे. पहिल्या दिवशी शिकवतात तो सरळ अलंकारच. विदर्सने नवा इलेक्ट्रिक पियानो घेतला होता, त्यावर बोटं वरखाली फिरवताना ही चाल सापडली.

कीबोर्डवर उजव्या हाताचा अंगठा सा, मधलं बोट ग, करंगळी प. आता हाताचा आकार अजिबात न बदलता पूर्ण पंजा एक पांढरी पट्टी उजवीकडे सरकवा: रे म ध. पुन्हा एक: ग प नि. पुन्हा एक: म ध सां. तसंच परत खाली. काळी पट्टी कुठेही लागत नाही. कॉर्डची नावं सी, डी मायनर, ई मायनर, एफ. पाश्चात्त्य संगीताच्या वर्गात अशा एकाच दिशेने सरकणाऱ्या सा-प अंतराच्या जोड्यांना मनाई असते, त्यामुळे शिकलेले वादक इथे कॉर्ड उलटापालट करून 'सुधारतात'. तसं करू नका. पंजा सरकल्याचा तो भाबडा आवाजच हवा आहे. 'ग ग रे'च्या शेवटच्या रेला मात्र जी कॉर्ड घ्या, नाहीतर ओळ अधांतरी राहते.

पेडल: प्रत्येक कॉर्डला उचला. दाबून ठेवलंत तर चारही कॉर्ड एकमेकांत मिसळून चिखल होतो. डाव्या हाताने फक्त सा-रे-ग-म एकेरी, खालच्या सप्तकात. बेस गिटार नसल्यामुळे हे काम डाव्या हाताचंच.

मधल्या भागात टाळ्या आहेत आणि श्रोते त्यात येतीलच. आपल्याकडे टाळी समेवर पडते, इथे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हवी. आधी सांगितलं नाही तर चाळीस माणसं एक-तीनवर वाजवतील आणि गायक गोंधळेल. गाण्याआधी गायिकेने नुसती टाळी वाजवून दाखवावी: एकला मांडीवर हात, दोनला टाळी, तीनला मांडी, चारला टाळी. दोन आवर्तनं पुरतात.

यूज मी. ई मायनर सात आणि ए सात, याच दोन कॉर्डवर बहुतेक गाणं. कीबोर्डवर क्लॅव्हिनेटचा (तुटक, तारेसारखा वाजणारा विजेवरचा कीबोर्ड) आवाज निवडा, पियानोचा नको. पेडलला पाय लावायचा नाही, सूर तुटक हवेत. काहोनसोबत कोणीतरी शेकर धरावा, कारण मूळ गाण्यात गॅडसनच्या हाय-हॅटची (ड्रम्समधली झांजांची जोडी) बारीक शिवण सतत चालू असते आणि काहोनच्या थापेत ती मिळत नाही.

---

आवाज_साधना

वादनाचं वर सविस्तर आलं आहे, मी गळ्यापुरतं लिहिते.

विदर्स मोठ्याने गात नाही. आपल्याकडचे गायक सोल म्हटलं की गॉस्पेलसारखा आवाज फेकायला जातात. माइक तोंडापासून चार बोटांवर ठेवा आणि समोरच्या खुर्चीवरच्या माणसाशी बोलता येईल इतक्याच जोराने गा. 'ग्रँडमाज हँड्स' हुंकाराने सुरू होतं. तो नाकातून नको, ओठ मिटून छातीतून यावा. तालमीत छातीवर तळहात ठेवून थरथर जाणवते का ते पाहा.

या गाण्याचे शब्द आधी मराठीत सांगायला हवेत, नाहीतर अर्धं पोचणार नाही. आजीच्या हातांनी केलेली एकेक कामं त्यात येतात: चर्चमध्ये टाळ्या आणि डफली, धावणाऱ्या पोराला सावध करणं, पडल्यावर उचलणं. गाण्यात हात पुन्हा पुन्हा येतात, आजीचा चेहरा कुठेही नाही. निवेदकाने एवढंच दाखवून द्यावं. जात्यावरच्या ओव्यांशी तुलना करायचा मोह होईल, पण ती करू नये. ओवी बाईच्या तोंडची, हे नातवाच्या तोंडचं. ती तुलना लावली की श्रोते ओवीच ऐकत बसतील.

'लव्हली डे' फक्त ऐकवा, पण ऐकवण्यापूर्वी एक गोष्ट सांगा. शेवटाकडे तो एक सूर १८ सेकंद धरतो. गाण्याची लय मिनिटाला सुमारे ९८ मात्रा, म्हणजे २९ मात्रांहून जास्त, चार-चारच्या सात आवर्तनांपेक्षा लांब. खाली कॉर्ड बदलत राहतात, वर सूर जागचा हलत नाही. तुमच्या श्रोत्यांपैकी ज्यांनी ओंकाराचा रियाज केला असेल त्यांना घड्याळ हातात घेऊन करून पाहायला सांगा, हॉल लगेच जागा होईल. बहुतेकांचा श्वास बारा-तेरा सेकंदांत संपतो, कारण सुरुवातीलाच जोर लावतात. आरंभ निम्म्या आवाजात केला तर सेकंद वाढतात.

---

नदीकाठ

एक भर. काही जण निवेदनात 'बोइंगच्या कारखान्यात काम करायचा' असं सांगतात. वरचं वेबर एअरक्राफ्ट हेच बरोबर. बोइंग ७४७ची स्वच्छतागृहं वेबर पुरवायची, म्हणून गोंधळ होतो.

दुसरं, 'एन्ट नो सनशाइन' मायकल जॅक्सनचं आहे असं एखादा श्रोता म्हणेलच. जॅक्सननेही ते गायलं, १९७२च्या पहिल्या एकल अल्बमवर, आणि इंग्लंडात त्याचंच जास्त चाललं. रचना विदर्सची.

---

कोथरूडचा_कान

इतकं तपशीलवार लिहिल्याबद्दल मनापासून आभार. टाळीचं मांडी-टाळी असं शिकवायचं नक्की केलं.

दोन प्रश्न उरतात. कार्नेगी हॉलमधलं काय लावावं? पूर्ण अल्बमला वेळ नाही. आणि लाँगप्लेचं काय करू? ग्रामोफोन हल्लीचा, बेल्टवर चालणारा आहे, हॉलचे दोन दहा इंची स्पीकर आणि चार वाहिन्यांचा मिक्सर.

---

जुनी_तबकडी

कार्नेगीमधलं 'आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड'. जवळजवळ सात मिनिटं. व्हिएतनाममध्ये उजवा हात गमावलेला तरुण सैनिक, त्याला घरी पत्र लिहायचं आहे पण डाव्या हाताने लिहिता येत नाही, म्हणून तो दुसऱ्याला लिहून घ्यायला सांगतो. सुरुवातीला विदर्स बराच वेळ नुसता बोलतो. ते बोलणं कापू नका. त्याआधी मराठीत दोन मिनिटांत आशय सांगा आणि मग दिवे कमी करा. 'ग्रँडमाज हँड्स' आधी आणि हे नंतर असा क्रम ठेवलात तर हातांचा धागा श्रोत्यांना आपोआप दिसेल, बोलून दाखवायची गरज नाही.

वेळेचा हिशोब असा. 'ग्रँडमाज हँड्स' आणि 'एन्ट नो सनशाइन' मिळून चार मिनिटं, 'लीन ऑन मी' आणि 'यूज मी' मिळून आठ, कार्नेगीचं सात, 'लव्हली डे' सव्वाचार, 'जस्ट द टू ऑफ अस'ची अल्बमवरची लांब आवृत्ती सात मिनिटांहून जास्त. सगळं मिळून अर्धा तास. प्रत्यक्ष गायच्या गाण्यांपैकी दोनची मूळ ध्वनिमुद्रणंही ऐकवलीत तर आणखी सहा-सात मिनिटं. निवेदनाला पस्तीस, मांडामांड आणि प्रश्नांना पंधरा-वीस. नव्वदमध्ये बसतं, पण निवेदकाने चरित्रात रमायचं नाही. तालीम घड्याळ लावून करा.

'जस्ट द टू ऑफ अस'ची लांब आवृत्तीच लावा. तिच्यात मध्ये स्टील पॅनचं (पोलादी पिंपापासून केलेलं सुरेल वाद्य) वादन आहे, छोट्या आवृत्तीत ते कापलं जातं.

---

तपकीर_गल्ली

लाँगप्लेबद्दल.

ग्रामोफोनच्या मागे फोनो आणि लाइन असं बटण आहे का ते आधी पाहा. असेल तर लाइनवर ठेवून मिक्सरला जोडा. नसेल तर मध्ये फोनो प्रीअँप लागेल. तो न लावता थेट मिक्सरला जोडलंत तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो. कारण तबकडी कापताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उचललेले असतात, प्रीअँप ते उलटं करून जागेवर आणतो. मिक्सरवर बेस वाढवून ती भरपाई होत नाही, फक्त घरघर वाढते. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत साधा प्रीअँप मिळतो. तिथेच आरसीए ते पाव इंची अशी जोडवायर घ्या, दोन टोकांची.

ग्रामोफोन आणि स्पीकर एकाच टेबलावर किंवा एकाच लाकडी मंचावर नकोत. स्पीकरची कंपनं सुईत जातात, सुईतून पुन्हा स्पीकरमध्ये, आणि हॉलभर घुमणारा आवाज सुरू होतो. ग्रामोफोन जमिनीवर फरशीच्या तुकड्यावर ठेवा, स्पीकर किमान दहा फूट लांब. लाकडी मंच असेल तर चालणाऱ्यांच्या पावलांनीही सुई उडी मारते.

वेग तपासा. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे फिरायला हवी. बेल्ट सैल-घट्ट असेल तर फरक पडतो, आणि ६ टक्के फरक म्हणजे अख्खा अर्धा सूर. गायकाने तबकडी ऐकून सूर धरला आणि गिटार ट्यूनरवर जुळलेली असेल तर दोघांचं जमणार नाही. म्हणून सूर नेहमी गिटारवरून घ्यायचा, तबकडीवरून नाही.

पुण्यात पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या तबकड्यांवर पांढरट बुरशी धरते, आणि जुन्या बाजारातून आणलेल्यांवर तर नक्कीच. ऊर्ध्वपातित पाण्यात द्रवसाबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, खोबणीच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं नाही. मधल्या कागदी लेबलाला पाणी लागू देऊ नका. मग नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुसून उभी ठेवून वाळवा, उन्हात नाही. नळाचं पाणी वापरलंत तर क्षार खोबणीत सुकतात आणि कटकट वाढते.

एवढं करूनही फक्त एक गाणं तबकडीवरून लावा, 'एन्ट नो सनशाइन'. बाकी सगळं मोबाइलवर आधी उतरवून ठेवून, वायरने. ब्लूटूथ नको, मध्येच तुटतं. मोबाइल विमान मोडवर, नाहीतर कार्नेगीच्या शांत भागात कोणाचा तरी फोन येईल.

काहोनला माइक लावायची गरज नाही, चाळीस माणसांच्या हॉलला उघडा आवाज पुरतो. लावलाच तर २०० ते ३०० हर्ट्झमध्ये थोडं कमी करा, तिथे कीबोर्डच्या डाव्या हाताशी त्याची टक्कर होते. प्रतिध्वनी शून्य ठेवा.

---

नदीकाठ

परवानगीचं राहून गेलं. प्रवेश विनामूल्य आहे हे चांगलं. हौशी मंडळाने पैसे न घेता केलेलं गायन-वादन आणि ना-नफा मंडळाच्या कार्यक्रमात वाजवलेलं ध्वनिमुद्रण, या दोन्हींना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये सवलत आहे. तिकीट लावलंत किंवा प्रायोजक घेतलात तर चित्र बदलतं: शब्द-चालीचा परवाना वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. शब्द-चालीसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे अर्ज करावा लागतो. सत्राचं चित्रण करून इंटरनेटवर टाकणं या सवलतीत धरू नका.

ध्वनिक्षेपक रात्री दहाच्या आत बंद करा. साडेसातला सुरू केलंत तर प्रश्नोत्तरांनाही मोकळा वेळ मिळेल. आणि गुरुवार टाळा, देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार बहुधा तोच असतो, दुपारची मांडामांड आणि आवाजाची चाचणी अडकते.

---

पांढरी_सहा

एक विसरले होते. 'लीन ऑन मी' गायक आणि गायिका दोघांनी गायचं असेल तर पांढरी एकमध्ये गायिकेला खालचे सूर लागणार नाहीत. पट्टी बदलून पांढरी चारला गेलात तर कीबोर्डवर पंजा सरकवताना दुसऱ्या आणि चौथ्या कॉर्डला काळी पट्टी येते आणि हाताचा आकार मोडतो. त्यापेक्षा कीबोर्डचं ट्रान्सपोज बटण पाचवर ठेवा आणि बोटं पांढऱ्या पट्ट्यांवरच राहू द्या. गिटारवाल्याला कॅपो पाचवर. गाणं संपल्यावर ट्रान्सपोज शून्यावर आणायची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या आणि गाण्यांच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, नाहीतर पुढचं 'यूज मी' कीबोर्ड एका पट्टीत आणि गिटार दुसऱ्या पट्टीत सुरू करेल.